दोरीच्या आतला गुलाल

एका वर्षात तीनदा तमिळनाडूत जाऊन आलो, तरी मी उटी पाहिली नाही, मदुराईचं देऊळ पाहिलं नाही, आणि चेन्नईला जाऊन समुद्रसुद्धा पाहिला नाही. पारावर कुणी विचारतं, "मेजर, एवढं लांब जाऊन बगितलं काय?" मी सांगतो, "टायर." लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय.

माझी भाची स्नेहल कार शर्यतीत पळते. म्हणजे गाडी पळते, ती आत बसते. देशपातळीवरच्या शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीनंतर संपतो. गाड्या आपल्या दारात उभ्या असतात तशाच, घरगुती. फक्त आतून सोललेल्या. मागची सीट नाही, गालिचा नाही, रेडिओ नाही, लोखंडी नळ्यांचा एक पिंजरा आणि त्यात एक खुर्ची. ही गाडी रस्त्यावर चालवायची नसते, म्हणून ती टेम्पोत घालून न्यावी लागते. तो टेम्पो चालवायचं काम माझं. हजार किलोमीटर सरळ जायचं, तिथं पोचल्यावर भाचीनं गोल गोल फिरायचं, आणि मग पुन्हा हजार किलोमीटर सरळ परत यायचं. आमची मंडळी म्हणते, ह्यापरीस घाण्याचा बैल बरा, तो निदान तेल तरी काढतो.

मी मूळचा म्हसवडच्या बाजूचा. आजोबांच्या वेळेपर्यंत आमच्या घरची माणसं आठ महिने मेंढरांमागं बाहेर असायची. बापानं मेंढरं विकून शेती धरली, आणि मी शेती सोडून फौज धरली. चोवीस वर्षं गाड्या चालवल्या. निवृत्त झालो तेव्हा हवालदार होतो, पण आमच्याकडं पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. घरी आल्यावर पहिले काही महिने मी नुसता भिंतींना धडकत फिरलो. फौजेत सकाळी उठल्यावर आपण कुठल्या तुकडीचे, हे कुणाला विचारावं लागत नाही. इथं डाळिंबाची बाग धाकट्या भावाची, गावकी म्हाताऱ्यांची, घर बायकोचं. मी आपला पाहुण्यासारखा. चार दिवस एका जागी बसलो की पाय वळवळायला लागायचे. त्यामुळं बहिणीचा कराडहून फोन आला, "दादा, टेंपो चालवायला येतोस का?" तेव्हा मी किती दिवस, कुठं, काहीही विचारलं नाही.

कराड

दाजींचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं, गॅरेज हायवेला लागून आहे. साखर कारखान्याचे ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या, वडापच्या, म्हणजे खच्चून माणसं भरून नेणाऱ्या, जीपा, सगळं तिथं येतं. स्नेहल त्यातच वाढली आणि तिथल्याच कॉलेजात इंजिनिअर झाली. शर्यतीची गाडी बापलेकीनं मिळून बांधली. दाजी मोजकं बोलणारे. त्यांनी एकच सांगितलं होतं, "एक हंगाम. त्यात काय व्हायचं ते होऊ दे."

काय व्हायचं होतं तेही सरळ होतं. हंगामाच्या शेवटी गुणांमध्ये पहिले दोन नंबर येतील त्यांना एक मोठी कंपनी पुढच्या वर्षी स्वतःची गाडी आणि स्वतःची माणसं देऊन उतरवणार होती. तिसऱ्याला टाळ्या. शर्यतीची ठिकाणं तीन: कोइंबतूर, पुन्हा कोइंबतूर आणि चेन्नई.

प्रत्येक टीमला आत जायला मोजके पास मिळतात. आमच्यासारख्या फाटक्या टीमला तीन. एक स्नेहलचा, एक मेकॅनिकचा. तिसरा कुणाला, ह्यावर घरात बोलणं चाललं होतं. दाजींच्या मनात तिच्या कॉलेजातला एक हुशार पोरगा होता, कॉम्प्युटर बघणारा. मी ओसरीवर बूट पुसत ऐकत होतो. स्नेहल आतून म्हणाली, "तिसरा मामांचा." दाजी म्हणाले, "आगं, टेंपो काय आत न्यायचा हाय का?" ती म्हणाली, "मामा टीममदी हायत." तिनं फॉर्मवर माझं नाव घातलं आणि कामाच्या रकान्यात 'वाहतूक प्रमुख' लिहिलं. माझ्या हाताखाली एकच माणूस होता, तो म्हणजे मी. तरी निळ्या पट्टीचा तो पास तिनं स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातला, तेव्हा मी उगाच ताठ उभा राहिलो.

मिरज

मेकॅनिक युसूफ मिरजेचा. वाट थोडी वाकडी करून त्याला घ्यायला गेलो. घरात शिरलो तर छताला सुकलेले भोपळे टांगलेले, कोपऱ्यात अर्धवट तंबोरे, आणि त्याचे चुलते तारेला कान लावून बसलेले. सगळं घर वाद्यं करणारं, हा एकटा इंजिनाच्या नादी लागला. चुलत्यांनी मला चहा दिला आणि युसूफकडं बोट करून म्हणाले, "कान आमचाच हाय त्येचा. लावलाय मातूर गटारात."

कान खरंच चांगला. टेम्पो चालू झाल्या झाल्या तो म्हणाला, "मामू, बावन्नच्या वर नेऊ नका. पुढची पट्टी बोलतीय." मी चोवीस वर्षं डोंगरात ट्रक चालवलेला माणूस, मला हा पोरसवदा गडी वेग सांगणार? मी साठ केला. निपाणीच्या पुढं ती पट्टी, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचं पातं, तुटली. दोन तास रस्त्याकडेला उसाच्या बांधावर बसलो. नवी पट्टी बसवून झाल्यावर युसूफ काट्यावरचा बावन्न आकडा दाखवून हसला. तेव्हापासून संपूर्ण हंगाम मी बावन्ननं गेलो. मागं टेम्पोत ती गाडी, दोनशेनं पळणारी, आणि पुढं आम्ही, आम्हाला सायकलवाले मागं टाकायचे बाकी होते.

कोइंबतूर, पहिल्यांदा

हुबळीपर्यंत ज्वारीची भाकरी मिळते, तोवर परदेश वाटत नाही. पुढं भात. सकाळी भाताचीच इडली, दुपारी पानावर भाताचा डोंगर, रात्री पुन्हा भाताचाच डोसा. वाढणारा माणूस इतक्या मायेनं वाढतो की नको म्हणायची लाज वाटते, आणि तासाभरानं पोट पुन्हा रिकामं. कॉफी मात्र झकास. पितळी भांड्यातून वाटीत, वाटीतून भांड्यात, असं खालीवर करून गार करतात. मी पहिल्याच दिवशी ऐटीत करायला गेलो आणि अर्धी शर्टावर सांडली.

उतरलो होतो शहाजीअण्णांकडं. आपल्या विटा-खानापूर बाजूचे लोक गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेत; गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. मोठ्या पेठेत सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत गेलं की 'काय पावनं' म्हणणारा कुणीतरी भेटतोच. शहाजीअण्णांना तिथं तीस वर्षं झाली. तमिळ असं बोलतात की तिथले लोकही मान डोलावतात. पण गावची ज्वारी पोत्यानं मागवतात. वहिनींनी पहिल्या रात्री भाकरी आणि खर्डा वाढला, तेव्हा युसूफच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, मिरचीमुळं.

ट्रॅक गावाबाहेर. भोवती मोकळं रान, नारळी, आणि मोर. खरेच मोर. इंजिनं चालू असतात तोवर गप्प, आणि गाड्या थांबल्या की चारी बाजूंनी ओरडायला लागतात. पहिल्या दिवशी सगळ्या टीमना बोलावून नियम सांगितले. सांगणारे तपासणी अधिकारी पांढऱ्या केसांचे, चष्मेवाले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यातला एक नियम त्यांनी दोनदा सांगितला. शर्यत संपली की नंबरात आलेल्या गाड्या एका दोरीच्या आत नेऊन उभ्या करतात. वजन आणि तपासणी होईपर्यंत त्या गाडीला कुणीही हात लावायचा नाही, काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. बाहेरच्या प्रेक्षकानं आगाऊपणा केला तर ताकीद देऊन सोडता येतं. टीमच्या माणसानं केला तर निकाल रद्द.

मी हे वहीत लिहून घेतलं. फौजी माणूस, हुकूम लिहून घेतल्याशिवाय झोप येत नाही. वही अजून आहे, त्यात माझ्याच अक्षरात ते आहे.

स्नेहल त्या वेळी तिसरी आली. शहरातल्या टीमच्या माणसांनी येऊन हात मिळवले. त्यांचे एसी तंबू, सारख्या रंगाचे शर्ट. आमचा भाजीचा जुना टेम्पो आणि दाजींनी शिवून घेतलेली ताडपत्री. एकानं स्नेहलला विचारलं, तुमचं गाव कुठं? ती म्हणाली, कराड. तो म्हणाला, कराची? युसूफ चार दिवस हसत होता.

कोइंबतूर, दुसऱ्यांदा

दुसऱ्या खेपेला निघण्याआधी मी म्हसवडला जाऊन सिद्धनाथाच्या पायावरचा गुलाल आणला. चांगली पावशेराची पुडी. ही आमची रीत. बैल जिंको, पैलवान जिंको, सरपंच निवडून येवो, गुलाल लागला की जिंकलं. गुलाल नाही तर निकाल लागलाच नाही. आणि गुलाल थांबत नाही. 'जरा वेळानं उधळू' असं आमच्या मुलखात कुणी कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

शहाजीअण्णा ह्या वेळी चाळीस-एक गलाईवाले घेऊन आले होते. बायका, पोरं, डबे, एक हलगी. तमिळ लोक वळून वळून बघत होते.

शर्यतीबद्दल मी फार सांगू शकत नाही, कारण अर्धी मी डोळे मिटून ऐकली. स्नेहल चौथ्या जागेवरून सुटली. सातव्या फेरीत तिसरी, मग दुसरी. पुढं शहरातल्या टीमची निळी गाडी. शेवटच्या फेरीत एका वळणावर निळी गाडी जरा बाहेर गेली, आणि आमची पोरगी आतून असं नाक घुसवून आली की मला आमच्या शर्यतीच्या खोंडाचीच आठवण झाली. रेषेवर पुढं होती. हातभर, जास्त नाही.

त्यानंतरचं मला नीट आठवतं, आठवायचं नसलं तरी.

गाड्या दोरीच्या आत आल्या. स्नेहल उतरली, हेल्मेट काढलं. मागं हलगी वाजायला लागली. माझ्या गळ्यात पास होता म्हणून दारावरच्या माणसानं मला अडवलं नाही. मी दोरी ओलांडली. पुडी कधी फोडली हे कळलंच नाही. बॉनेटवर, काचेवर, चाकांवर, दोन्ही हातांनी. "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं" म्हणालो, आणि पुढच्या चाकासमोर नारळसुद्धा फोडला. माझ्या मागून शहाजीअण्णा आणि दोन-तीन जण दोरीखालून आत आले. हवा गुलाबी झाली. त्या गुलाबी हवेत मला स्नेहलचा चेहरा दिसला. ती हसत नव्हती. ती हात वर करून थांबा, थांबा म्हणत होती.

हलगी थांबली. मोर ओरडायला लागले.

पांढऱ्या केसांचे अधिकारी आले. रागावलेले नव्हते, वाईट वाटलेलं दिसत होतं, ते जास्त लागलं. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? वही, नियम, माझं अक्षर, सगळं एका क्षणात आठवलं. आणि मी काय केलं? मी गळ्यातला पास हळूच शर्टाच्या आत सरकवला. चोवीस वर्षं नोकरी केलेला, पोरांना खरं बोलायला शिकवणारा मी. अजून लिहितानाही कानशिलं तापतात.

शहाजीअण्णा हुशार. धंद्यातला माणूस, वारं ओळखतो. ते पुढं झाले आणि तमिळमध्ये म्हणाले की गुलाल मी टाकला, मी इथलाच, बघायला आलोय, चूक झाली. मग माझ्या कानाशी, "मेजर, गप बसा. भायेरच्या मानसाला सोडत्यात."

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझे हात कोपरापर्यंत लाल होते. त्यांनी स्नेहलकडं वळून इंग्रजीत काहीतरी विचारलं. एवढं इंग्रजी मला कळतं, पण तेव्हा कानांत नुसता आवाज भरला होता. स्नेहलनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं बघत होतो, फुटलेल्या नारळाचं पाणी गुलालात पसरत होतं. ती म्हणाली, "येस सर." आणि मग, "ही इज माय मामा."

तासाभरात फळ्यावर कागद लागला. पहिल्या जागेवर निळ्या गाडीचं नाव होतं.

परतीच्या हजार किलोमीटरमध्ये ती मला रागानं एक शब्द बोलली नाही. चहा पाहिजे का विचारायची, डोळा लागला तर पांघरूण टाकायची. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माफी मागायला म्हणून तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा पुढच्या टोलनाक्याबद्दल बोललो.

म्हसवड

स्नेहलनं दाजींना निकाल रद्द झाला एवढंच सांगितलं, कुणामुळं ते नाही. टेम्पो कराडला लावून मी गावी आलो. धाकटा भाऊ बागेत होता. त्याला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं की स्नेहल पहिली आली. पुढचं त्याला कळलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं नीट बघून विचारलं, "आरं दादा, पैली आली म्हनं पोरगी. मग गुलाल कुटं हाय? असा कोराच आलास व्हय रं?"

मी म्हणालो, "निकाल बदलला."

"कसा काय?"

"काय तरी नियम हाय त्यांचा."

तो म्हणाला, "शेरातली मानसं. गरिबाचा नंबर काडत्यात." शेजारी बसलेल्या दोघांनी माना हलवल्या, आणि मी हो म्हणालो. एकदा लपलं की लपतच जावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. ज्या पांढऱ्या केसांच्या अधिकाऱ्यांनी काही चूक केली नव्हती त्यांच्यावर मी माझ्या गावात बसून ढकललं.

ते दोन महिने माझं कशात लक्ष लागेना. सकाळी उठून माणगंगेच्या कोरड्या पात्रातून चालत सुटायचो, दुपारी परत. देवळाच्या बाहेरून नमस्कार करायचो, आत जायचो नाही. बायको म्हणाली, "आवं, भूत लागल्यागत का फिरताय? पोरीला जाऊन बोला की." मी एस. टी. धरून कराडला जायचो, गॅरेजात गाडी धुवायचो. गुलाल कुठं कुठं शिरतो हे धुतल्याशिवाय कळत नाही. दाराच्या बिजागरीत, दिव्याच्या खाचेत, नळ्यांच्या जोडात. दर वेळी फडक्यावर थोडा लाल यायचाच. स्नेहल इंजिनाखाली झोपलेली असायची, तिचे फक्त पाय दिसायचे. "मामा, तेरा नंबरचा पाना द्या," एवढंच बोलणं. मी तेरा नंबर देऊन पुन्हा फडकं हातात घ्यायचो.

चेन्नई

शेवटच्या शर्यतीला निघताना गणित असं होतं: पहिली आली तर गुणांत दुसरी होणार, कंपनीची गाडी मिळणार. दुसरी आली तर तिसरी राहणार.

ट्रॅकच्या फाटकाशी तिनं माझ्यापुढं नवा पास धरला. मी म्हणालो, "मला नको. मी टेंपोपाशी थांबतो." ती म्हणाली, "मामा, घ्या की." मी म्हणालो, "न्हाई. युसूफ हाय आत." तिनं क्षणभर हात तसाच धरला, मग पास खिशात घातला आणि गेली.

वाहनं लावायची जागा ट्रॅकच्या भिंतीबाहेर. दमट हवा, अंगाला चिकटणारी. आमच्या माणदेशातलं ऊन कडक असलं तरी घाम वाळतो तरी. शेजारी एका पंजाबी ट्रेलरचा ड्रायव्हर भेटला. मी फौजी म्हटल्यावर त्यानं लगेच ताकाचा डबा उघडला. विचारलं, "आप किस टीम से?" मी म्हणालो, मी नुसता गाडी आणतो.

शर्यत सुरू झाली. दिसत काही नव्हतं. भिंतीपलीकडून गाड्यांचा लोंढा यायचा, जायचा, मग शांतता, मग पुन्हा लोंढा. मी टेम्पोभोवती चालत फेऱ्या मोजायला लागलो. पंजाबी म्हणाला, बस जाओ. मी बसलो आणि लगेच उठलो. आठव्या फेरीनंतर मला आमच्या इंजिनाचा आवाज वेगळा ओळखता यायला लागला. एवढे दिवस युसूफबरोबर फिरून थोडा कान माझाही झाला असावा. एक आवाज पुढं, त्याला चिकटून आमचा. पुढच्या फेरीला तसाच. त्याच्या पुढच्या फेरीला तसाच. सिद्धनाथाला म्हणालो, माझा राग पोरीवर काढू नको. शेवटच्या फेरीला एक आवाज गेला आणि त्याला चिकटून आमचा गेला.

दुसरी.

युसूफ बाहेर आला. फोन माझ्या हातात दिला. गुणांची यादी होती. कोइंबतूरचा तो नंबर धरला असता तर ती सगळ्यात वर असती. हे कुणी मला सांगितलं नाही, माझं मीच वाचलं.

स्नेहल आली ती घामानं भिजलेली. म्हणाली, "मामा, गाडी चढवूया." आम्ही फळ्या लावल्या आणि गाडी चढवली.

पेठ नाका

कागलचा नाका मागं पडला की आपली भाषा सुरू होते, हॉटेलांच्या पाट्या वाचता येतात, जीव जरा खाली बसतो. ऊस तोडणी सुरू झाली होती. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अख्खा रस्ता धरून चालले होते, गाणी लावून. त्यांच्यामागं बावन्नसुद्धा जमेना. युसूफला कोल्हापुरात मिरजेच्या गाडीत बसवून दिलं होतं. टेम्पोत आम्ही दोघंच. दुपारी पेठ नाक्याला जेवायला थांबलो. अख्खा मसूर, रोटी, कांदा. चार दिवसांनी तोंडाला चव आली, तरी मी रोटी बाजूला सारली.

मी म्हणालो, "स्नेहल, माझ्यामुळं गेलं सगळं. माफ कर म्हणायलाबी तोंड न्हाई मला."

ती रोटी मोडत म्हणाली, "नियम तुमाला म्हाईत हुता."

"व्हय. वहीत लिवलाय."

"मग जेवा आता."

मी जेवलो नाही. म्हणालो, "एक सांग. शाजीअण्णांनी सवताच्या अंगावर घेतलं हुतं. तू नुसती गप बसली असतीस तरी नंबर ऱ्हायला असता. का न्हाई बसलीस?"

तिनं हात थांबवला. "त्या सायबांनी मला काय इचारलं, ते ऐकलं का तुमी?"

"गुलाल कुनी टाकला, हेच की."

"न्हाई. ते पैलं. मला दुसरंच इचारलं. तुमच्याकडं बोट करून म्हनले, हा मानूस तुमचा हाय का?"

मी खुर्ची तिच्याकडं ओढली.

ती म्हणाली, "मग न्हाई कसं म्हनू, मामा?"

शेजारच्या टेबलावर ट्रॅक्टरवाले मोठ्यानं हसत होते. तिनं पाण्याचा एक घोट घेतला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "नंबर गेला त्याचं वाईट वाटलं. पर तुमी पास शर्टात घातला, ते बगितलं मी. त्याचं लय वाईट वाटलं."

मला रडू आलं. पंचेचाळिशी गाठलेला माणूस अख्ख्या मसुराच्या ताटावर रडतोय, हे बघून वेटरनं पाण्याचा जग आणून ठेवला आणि निघून गेला. स्नेहलनं खिशातून चेन्नईचा पास काढला, निळ्या पट्टीचा, घामानं जरा चुरगळलेला, आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"ह्यो तुमचा. घ्यायचा ऱ्हायला हुता."

मी हात धुऊन आलो आणि पास गळ्यात घातला. पुढं कराडपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं बावन्ननंसुद्धा जाता आलं नाही, आणि मला पहिल्यांदाच कसली घाई वाटली नाही. ती शेजारी झोपून गेली. पुढच्या वर्षीचं काय, ते मी विचारलं नाही. ते बापलेकीचं बोलणं.

दाजी गॅरेजच्या दारात उभे होते. त्यांनी आधी लेकीकडं पाहिलं, मग टेम्पोकडं, मग माझ्या गळ्याकडं. म्हणाले, "मेजर, शर्यत संपली की. हे अजून कशाला गळ्यात?"

मी म्हणालो, "दाजी, कोइंबतूरला गुलाल मीच उधळला हुता." आणि पास तसाच गळ्यात ठेवून गाडी उतरवायला फळ्या काढल्या.